पाचशे तासांचा पडदा

आमच्या लॅबमध्ये दोन वह्या आहेत. एकीत रिझल्ट लिहायचे. ती पाच वर्षांत निम्मीसुद्धा भरली नाही. दुसरी फसलेल्या प्रयोगांची. ती भरली, मग तिला पुरवणी जोडली, मग पुरवणीला पुरवणी. पण खरा माल साठत गेला तो तिसरीकडेच, चहाच्या टेबलावर, जिथे कुणी काही लिहीत नाही. तिथलं थोडं आज उतरवून काढते. माझ्या आठवणीवर फार विसंबू नका. मुलगी झाल्यापासून मला गॅस बंद केलाय की नाही एवढंही धड आठवत नाही. गॅस म्हणजे घरचा. लॅबचा हायड्रोजन मी तीनदा तपासते, आणि जिना उतरल्यावर परत वर जाऊन चौथ्यांदा.

आधी माझं काम सांगते. मी पॉलिमरचा पडदा बनवते. म्हणजे एक पारदर्शक पापुद्रा, केसापेक्षाही पातळ. हायड्रोजनपासून वीज करणारा जो सेल असतो, त्याच्या मधोमध हा बसतो. एका बाजूने हायड्रोजन येतो, त्याचे दोन भाग होतात. प्रोटॉनला पडद्यातून पलीकडे जाऊ द्यायचं, इलेक्ट्रॉनला जाऊ द्यायचं नाही. इलेक्ट्रॉन तारेतून लांबचा वळसा घालून जातो आणि त्या वळशातच आपल्याला वीज मिळते. पलीकडे दोघे भेटतात, त्यांना ऑक्सिजन मिळतो आणि पाणी होतं. संपलं. एवढ्यासाठी पाच वर्षं. त्यातलं एक वर्ष बाळंतपणाचं, दोन मुदतवाढीची. या सगळ्या किश्श्यांच्या पोटात एकच प्रश्न चालू होता: माझी पीएच.डी. राहते की जाते.

*

वरचं समजावणं माझं आहे, म्हणून ते असं अडखळतं. आमच्या लॅबचे अटेंडंट शंकरमामा हेच काम दोन वाक्यांत करतात. मामा मुरगूडहून रोज एसटीने येतात. आधी उद्यमनगरात एका वर्कशॉपमध्ये होते, त्यामुळे नट-बोल्ट असलेली कुठलीही गोष्ट त्यांना आमच्यापेक्षा जास्त कळते. एकदा बी.एस्सी.ची मुलं लॅब बघायला आली होती. मी फळ्यावर समीकरण लिहून घामाघूम झाले होते, मुलं खिडकीतून कँटीनकडे बघत होती. मामा स्टूल पुसता पुसता म्हणाले, "देवळात गेल्यागत हाय बघा. माणूस आतनं जातोय, चपला भायेरनं न्यायच्या. मागल्या दाराला दोघांची गाठ. आन् चपला न्हेणारा वाटंत बल्ब पेटवून जातोय."

मुलांनी खिडकीतून माना वळवल्या आणि सगळ्यांनी वहीत देऊळ काढलं.

आमचे गाईड सावळगी सर दारात उभं राहून ऐकत होते. सर निपाणीकडचे. घरात कन्नड, शिकवताना इंग्रजी, रागावताना मराठी; आणि राग मराठीत मावेना की परत कन्नड. त्यांनी ते देऊळ उचललं आणि एका मोठ्या परिषदेत स्लाइडवर टाकलं. पहिल्या रांगेतल्या एका ज्येष्ठ शास्त्रज्ञांनी गंभीरपणे हात वर केला. "चपलांना वाटेत अडथळा किती होतो?"

सर म्हणाले, "गर्दीवर आहे."

खरं सांगायचं तर उत्तर बरोबर होतं. पुढे विद्यापीठाच्या पेपरात एका मुलीने सेलच्या आकृतीऐवजी सरळ देऊळच काढलं. कळसासकट. शेजारी बाण काढून लिहिलं होतं, 'पादत्राणे (इलेक्ट्रॉन)'. सरांनी तिचा फक्त एक मार्क कापला. शेरा दिला: मागचं दार दाखवलेलं नाही.

*

माझी मुलगी इरा सहा महिन्यांची झाली तेव्हा मी लॅबमध्ये परत आले. पडदा बनवायची आमची पद्धत अशी: पॉलिमरचं पाकासारखं द्रावण काचेवर ओतायचं, एका पात्याने सारखं पसरवायचं आणि तसंच वाळू द्यायचं. त्या खोलीत पंखा लावायचा नाही, चालायचं नाही, शिंकायचं नाही. बोलायचंसुद्धा नाही, कारण कोल्हापूरची माणसं बोलली की हवा हलते. सरांना तिथे रागवायचं असेल तर ते चिठ्ठी लिहितात.

परत आल्यावर मी लागोपाठ सहा पडदे केले आणि सहाही फाटले. एकाच प्रकारे फाटले. जणू कुणी पेनाने ओढलेली एक बारीक वळणदार रेघ, आणि बरोबर त्या रेघेवर चीर. मी नवं पॉलिमर मागवलं. द्रावण बदललं. ओव्हन बदलला. घरी येऊन नवऱ्याला, निखिलला, सांगितलं की माझ्या हातातली कला गेली. तो म्हणाला, "तुझ्या हातात होती का कधी?" त्याला धीर द्यायचा होता. त्याला ते जमत नाही.

शेवटी तुकडा मायक्रोस्कोपखाली घातला. स्क्रीनवर एक जाडजूड काळा दोर दिसला. सर वाकले, चष्मा वर केला, परत खाली केला. सरांना वाटलं नवीन शोध लागला. "हे काय घातलंस? हे मजबुतीसाठी आहे का?"

माझी ज्युनिअर अश्विनी शेजारी उभी होती. ही मुलगी गारगोटीची, आणि हिच्या तोंडाला झाकण नाही. ती म्हणाली, "सर, मॅडमचे केस आहेत. डिलिव्हरीनंतर गळतात. माझ्या वहिनीचेपण गळले. सहा महिने आमच्या आमटीत निघत होते."

बाळंतपणानंतर माझे केस मूठमूठ गळत होते आणि एकेक करून सगळे माझ्या संशोधनात पडत होते. मी त्याच दिवशी आंघोळीची प्लास्टिकची टोपी आणली. गुलाबी, तिच्यावर बदकं. दुसऱ्या दिवसापासून पडदे फाटायचे थांबले. सरांनी चिठ्ठी पाठवली. बाळंतपणानंतर मला मिळालेलं हे पहिलं वैज्ञानिक कौतुक. चिठ्ठीत लिहिलं होतं, 'बदकं ठेव.'

*

आता मुद्द्याचं. पडदा चांगला झाला, वीजही चांगली दिली. पण टिकतो किती? थिसिसमध्ये तो किमान पाचशे तास सलग चाललेला दाखवायचा होता. म्हणजे जवळजवळ एकवीस दिवस. मधे बंद पडून चालणार नाही, मधे फाटून तर नाहीच. माझी दुसरी मुदतवाढ संपायला तेव्हा बरोब्बर सत्तावीस दिवस उरले होते. तिसरी मिळत नाही. मिळत असती तर मी ती पहिल्या वर्षीच मागून ठेवली असती. मी तशीच आहे. पडदा दहाव्या दिवशी फाटला असता, तर दुसरा लावून पाचशे तास पुरे करायला दिवस उरले नसते. नाव कमी झालं असतं आणि मी 'पीएच.डी. करत होते' असं म्हणणाऱ्या बायकांत जाऊन बसले असते.

सर म्हणाले, उद्या सकाळी सुरू करायचं. मामांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. उद्या अमावास्या.

मामा अमावास्येला मशीनपुढे नारळ फोडतात, ही उद्यमनगरातली सवय. पण नवीन काम त्या दिवशी लावत नाहीत. सरांना हे माहीत होतं. त्यांनी विज्ञानावर दहा मिनिटं भाषण दिलं. ग्रह कुठे, प्रोटॉन कुठे. मामांनी सगळं ऐकून घेतलं. "तुमचं खरं हाय सर. मी कुठं न्हाय म्हणतोय? फकस्त उद्या माझा हात दुखणार हाय. बोल्ट आवळाय जमायचं न्हाय."

सेलचे आठ बोल्ट मामांशिवाय कुणालाही सारखे आवळता येत नाहीत. एक जरी कमी-जास्त झाला की गॅस गळतो. सर लाल झाले, मराठीतून कन्नडमध्ये गेले, केबिनमध्ये जाऊन दार लावून घेतलं.

मी हिशेब करत बसले: एक दिवस गेला तर हातात किती उरतात, इरा आजारी पडली तर किती, लाईट गेली तर किती. पाच मिनिटांनी केबिनचं दार किंचित उघडलं. सरांचं फक्त डोकं बाहेर आलं.

"शंकर. प्रतिपदा किती वाजता लागते?"

*

अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी तीनला सेल सुरू झाला. स्क्रीनवर आकडा स्थिर झाला: शून्य पॉइंट सहा चार व्होल्ट. त्या दिवसापासून तो आकडाच माझा रक्तदाब होता.

नवव्या दिवशी इराला ताप आला. घरी मी, सासूबाई आणि ताप. एव्हाना इरा अडीच वर्षांची झाली होती. सासूबाईंना मी आई म्हणते. त्यांनी आधीच सांगितलं होतं, "तू जा लॅबला. मी बघतो की हिला." आमच्याकडच्या बायका 'मी बघतो, मी येतो' असंच म्हणतात, आणि म्हटलं की बघतातही. पण मला जाववेना. आणि सेल सोडवतही नव्हता. मग मी माझ्या आयुष्यातली सगळ्यात हुशार गोष्ट केली. इराच्या पाळण्यावर लावलेला छोटा कॅमेरा काढला, निखिलबरोबर लॅबमध्ये पाठवला आणि सेलच्या स्क्रीनसमोर लावायला सांगितला. आता मला घरी बसून मोबाईलवर आकडा दिसत होता. मांडीवर एक लेकरू, मोबाईलमध्ये दुसरं. आई म्हणाल्या, "धाकट्यालाबी ताप हाय काय?"

"नाही आई. चौसष्ट आहे."

"मग नॉर्मल हाय," त्या म्हणाल्या आणि पेज ढवळायला गेल्या.

त्या कॅमेऱ्यात एक सोय आहे, जी मी विसरले होते. मोबाईलवरचं एक बटण दाबलं की इकडचा आवाज तिकडे ऐकू येतो. पाळण्यातल्या बाळाशी बोलण्यासाठी.

दुपारी मी तोंड धुवायला गेले आणि मोबाईल इराच्या हातात राहिला. नेमकी त्याच वेळी लॅबमध्ये पाहणी समिती आली होती. पाच-सहा मोठी माणसं सेलभोवती उभी होती, सर टिकाऊपणावर बोलत होते. तेवढ्यात मशीनमधून स्वच्छ आवाज आला:

"आई, शी झाली."

सर थांबले. समिती मशीनकडे बघू लागली. मशीन पुन्हा म्हणालं, जरा जोरात: "आई. शी झाली."

हे सगळं मला नंतर अश्विनीने सांगितलं, साभिनय. ती म्हणते, सरांच्या चेहऱ्यावरचं कन्नड तिला पहिल्यांदाच वाचता आलं. पण मामा शांत होते. ते खाली वाकले आणि सेलमधून निघणारं पाणी जिथे जमतं ती बाटली त्यांनी बघितली. ती गळ्यापर्यंत भरली होती. आणखी अर्धा तास गेला असता तर पाणी उलटं सेलमध्ये शिरलं असतं आणि पडदा बुडाला असता. त्या गडबडीत कुणाचंच लक्ष नव्हतं. मामांनी बाटली बदलली, जुनी बेसिनमध्ये ओतली आणि समितीला म्हणाले, "भरलं की सांगतंय ते."

इकडे मी इराला धूत होते आणि मला यातलं काहीही माहीत नव्हतं.

समितीच्या अहवालात आमच्या विभागाबद्दल एक चांगलं वाक्य आलं. प्रयोगशाळेत मराठीतून सूचना देणारी स्वयंचलित यंत्रणा विकसित केली असून ती अनुकरणीय आहे. सरांनी ते दुरुस्त करायला पत्र लिहिलं नाही. मी विचारलं तर म्हणाले, "चूक काय आहे त्यात?"

*

चौदाव्या दिवशी आणखी एक संकट आलं. आमच्याच इमारतीत एका नव्या खोलीचं उद्घाटन होतं आणि संयोजकांना वाटलं, आलेल्या पाहुण्यांच्या हस्ते 'हायड्रोजन प्रकल्प'ही सुरू करून घ्यावा. कार्यक्रमपत्रिका छापूनच ते आमच्याकडे आले.

"पण तो सुरूच आहे," मी म्हटलं. "तीनशे दहा तास झाले."

"मग दोन मिनिटं बंद करा. पाहुणे आले की बटण दाबतील. दोन मिनिटांनी काय होतंय?"

दोन मिनिटांनी काय होतं हे मी त्यांना सांगू लागले. बंद केला की पडदा आकसतो, सुरू केला की फुगतो, आकसण्या-फुगण्यातच तो फाटतो, आणि मुळात 'सलग' या शब्दाला मग काही अर्थ उरत नाही. हे मी अशा आवाजात सांगत होते की संयोजकांनी मला बसायला खुर्ची दिली. माझ्या डोळ्यांत पाणी होतं, आणि मला वाटतं मी त्यांना 'तुम्हाला मुलं आहेत का' असंही विचारलं. सर एकच शब्द बोलले. "बेडा." म्हणजे नको.

पण पत्रिका छापली होती. आपल्याकडे छापलेली पत्रिका खोटी पडत नाही.

मामांनी लाल रिबीन आणली. सेलच्या टेबलाच्या वर भिंतीवर एक स्विचबोर्ड आहे. रिबीन त्याला बांधली, बाजूला झेंडूचं फूल खोचलं. पाहुणे आले. सरांनी अदबीने बोर्डाकडे हात केला. पाहुण्यांनी बटण दाबलं. वरची ट्यूबलाईट दोनदा फडफडली, तिसऱ्यांदा लागली, आणि टाळ्या झाल्या.

पाहुणे बराच वेळ ट्यूबकडे बघत राहिले. "ही किती वीज म्हणायची?"

"चाळीस वॉट, साहेब," सर म्हणाले. सर खोटं बोलत नाहीत.

पाहुण्यांनी मग फार चांगलं भाषण केलं, उद्याच्या कोल्हापुरावर. खाली सेल गुपचूप चालत होता. तीनशे बारा तास.

पुढच्या आठवड्यात ती ट्यूब उडाली. ऑफिसकडून लगेच चिठ्ठी आली: हायड्रोजन प्रकल्प का बंद आहे, खुलासा करावा. मामांनी खुलासा केला. चोक बदलला.

*

पाचशे तास भरले ते सकाळी अकराच्या सुमारास. आम्ही चौघं सेलभोवती उभे होतो आणि कुणाला काय करावं कळेना. सरांनी आणखी चार तास चालू ठेवला, बरोबर एकवीस दिवस पुरे होईपर्यंत. मी कारण विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. मामांनी मात्र मान हलवली. मग गॅस बंद केला. आकडा हळूहळू उतरून शून्यावर आला आणि मला उगाच वाईट वाटलं.

अश्विनी म्हणाली, "उघडून बघू या? आत कसा आहे?"

सरांनी सेल उचलला, कपाटात ठेवला, किल्ली खिशात टाकली. "झाकली मूठ."

बोलण्यात तथ्य होतं. आलेख चांगला होता. आत पडद्याची अवस्था काय आहे हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि थिसिस द्यायला हातात चारच दिवस होते. आत जर तो कडेला तडकलेला निघाला असता, तर ते लिहावं लागलं असतं, त्याचं कारण शोधावं लागलं असतं, आणि कारण चार दिवसांत सापडत नाही. मी थिसिस दिला. दोन दिवस शिल्लक ठेवून. आयुष्यात पहिल्यांदा मी कुठेतरी वेळेआधी पोहोचले होते.

चार महिन्यांनी परीक्षकांचा अहवाल आला. बाहेरगावचे परीक्षक, या क्षेत्रात नावाजलेले, आणि फार कडक असं ऐकून होतो. त्यांनी बाकी सगळं मान्य केलं होतं. शेवटी एक शेरा होता. विद्यार्थिनीने पडदा किती जगतो हे सांगितलं आहे. तो मरतो कसा, हे सांगितलेलं नाही. तोंडी परीक्षेच्या वेळी सेल माझ्यासमोर उघडावा.

तेव्हापासून मला भात गोड लागेना. पडदा आत फाटलेला निघाला तर पाचशे तासांवरच शंका येणार. धड निघाला तर ते विचारणार, मग हा निकामी कसा होतो? आणि ते मला खरंच माहीत नव्हतं. मी मामांना बाजूला घेतलं. "मामा, दोनच बोल्ट जरा सैल करून आत..."

मामांनी माझ्याकडे असं बघितलं की मी वाक्य सोडून दिलं.

"ताई, माझ्या हातानं आवळल्यात त्यो सेल. उघडंल तर पावण्यासमोर. फाटला आसंल तर फाटला. चोरून बघून काय शिवणार हाय काय तुमी?"

*

तोंडी परीक्षा सगळ्यांसाठी खुली असते. शेवटच्या बाकावर निखिल, आई, आणि आईंच्या मांडीवर इरा. इराला गप्प बसवायला राजगिऱ्याचा लाडू दिला होता. लाडू पंधरा मिनिटं टिकतो, माझं सादरीकरण चाळीस मिनिटांचं होतं. पण ती बसली. माझंही बरं झालं असावं, कारण मधे सरांनी एकही चिठ्ठी पाठवली नाही.

मग परीक्षक उठले. उंच, हळू बोलणारे. "आता सेल बघू या."

मामा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. त्यांनी सेल टेबलावर ठेवला. सकाळीच नायट्रोजन सोडून आतला उरलासुरला हायड्रोजन काढून टाकला होता. मामांनी समोरासमोरचे दोन-दोन बोल्ट घेत आठही सोडवले. झाकण वर उचललं.

पडदा अखंड होता.

मधे उत्प्रेरकाचा काळा चौकोन, भोवती फिकट तपकिरी झालेली कड, आणि ती कड चारी बाजूंनी रबराच्या पट्टीला घट्ट चिकटलेली. एक चीर नाही, एक भोक नाही. माझा श्वास इतका जोरात सुटला की टेबलावरचा कागद हलला. सर हलक्या आवाजात "हौदु" म्हणाले, म्हणजे होय.

परीक्षकांनी चिमटा घेतला. वाकले, भिंगातून बघितलं. समाधानाने मान हलवली. मग चिमट्याने पडद्याचा मधला भाग धरला आणि वर ओढला.

आवाज फार मोठा झाला नाही. पण खोलीतल्या सगळ्यांना आला.

अर्धा पडदा चिमट्यात होता, अर्धा पट्टीला. शेवटच्या बाकावरून इरा म्हणाली, "फाटलं."

परीक्षक चिमट्यातल्या तुकड्याकडे बघत राहिले. सर छताकडे, मामा बोल्टांकडे, अश्विनी माझ्याकडे. मला वाटतं वर्षानुवर्षांच्या सवयीने प्रश्न परीक्षकांच्या तोंडातून आपोआपच निघाला.

"हं. निकामी कसा झाला?"

तोंडी परीक्षेत जे माहीत असेल तेच सांगावं असं म्हणतात. मी म्हटलं, "ताण पडून, सर."

"कुठून आला ताण?"

"सर... आपल्याकडून."

कुणी हसलं नाही. मला वाटलं, गेली. पाच वर्षं गेली. बाकाचा आवाज झाला. आई उठल्या होत्या. इराला त्यांनी निखिलकडे दिलं, पुढे आल्या आणि परीक्षकांच्या शेजारी उभ्या राहिल्या.

"मधनं वडलासा, पावणं. मधनं वडल्यावर ऱ्हातंय व्हय? सरा बघू जरा."

परीक्षक सरले. का सरले, त्यांनाच विचारायला हवं.

"आई, ग्लोव्हज," मी म्हटलं. मला तेवढंच सुचलं. अश्विनीने पळत जाऊन हातमोजे आणले. आईंनी ते घातले, पाण्याची बाटली मागितली. पट्टीला चिकटलेल्या अर्ध्या पडद्याच्या कडेने थेंब-थेंब पाणी सोडलं. थोडा वेळ नुसत्या बघत उभ्या राहिल्या. मग अंगठ्याने एक कोपरा उचलला, कडेकडेने तिन्ही बाजूंनी फिरल्या, आणि उरलेला पडदा एका दमात अलगद सुटून त्यांच्या हातावर आला. त्यांनी तो परीक्षकांच्या तळहातावर पसरला. एक सुरकुती नाही.

"सुरळीच्या वडीचं पीठ ताटाला धरलं की आसंच. आदी कड सोडवायची. मधलं आपसूक येतंय."

परीक्षकांनी तळहात उजेडाकडे धरला. कितीतरी वेळ. मग तो तुकडा जपून काचेवर ठेवला, खुर्चीवर बसले, माझा फॉर्म पुढे ओढला. आपला जुना शेरा वाचला आणि त्याच्याखाली एक ओळ लिहिली: निकामी होण्याची पद्धत परीक्षकासमोर दाखवण्यात आली. सही केली. फॉर्म सरांकडे सरकवला, पेनाला टोपण लावलं.

मग त्यांनी दुसरी खुर्ची ओढून आईंच्या समोर ठेवली.

"आणि पीठ पसरताना मधे बुडबुडा राहिला तर?"

आईंनी हातमोजे काढले, पदर खोचला.

"बसा," त्या म्हणाल्या. "सांगतो."